घराचा पट्टा, निराधारचा पगार आणि गाण्याची वही

आंबेडकरी चळवळीचा इतिहास म्हणून आपण जो शिकतो आणि शिकवतो, तो बहुतेक सत्याग्रहांचा, परिषदांचा आणि मोर्चांचा इतिहास आहे. महाड, काळाराम, पुणे करार, नागपूरची दीक्षा, भूमिहीनांचा सत्याग्रह, पँथर, नामांतर. तारखा आपल्याला तोंडपाठ असतात आणि असायलाच हव्यात. पण या सगळ्या लढ्यांना माणसं कुठून आली? भाकरी कुणी बांधून दिली? तुरुंगात गेलेल्याच्या घरी म्हाताऱ्या आईला कुणी पाहिलं? उत्तर एकच आहे: वस्तीने. आणि वस्तीचा इतिहास लिहायचं काम आपण जवळजवळ सोडूनच दिलं आहे.

अपवाद आहेत. वसंत मून यांचं 'वस्ती' हे १९९५ चं पुस्तक घ्या. लोक त्याला आत्मकथन म्हणतात, पण नाव पाहा. पुस्तकाला त्यांनी स्वतःचं नाव दिलं नाही, नागपूरच्या सीताबर्डीजवळच्या आपल्या मोहल्ल्याचं दिलं. आखाडे, समता सैनिक दल, भांडणं, लग्नं, निवडणुका, सगळं एका वस्तीच्या नजरेतून. हेच मून पुढे बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादक झाले. वस्ती जपणाऱ्या माणसानेच बाबासाहेबांचे कागद जपले, हा मला योगायोग वाटत नाही.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. तेरा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे २५ लाख ८६ हजार लोक, त्यात अनुसूचित जातींचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. राज्याच्या सरासरीपेक्षा हे बरंच जास्त आहे. मेहकर, लोणार, चिखली, देऊळगाव राजा, खामगाव, कुठेही जा. गावाच्या कडेला निळी कमान, पंचशील ध्वज, एक विहार आणि विहाराची एक समिती. ही समिती कागदावर नोंदलेली असो वा नसो, तिच्याकडे वर्गणी जमते, हिशेबाची वही असते, भांडणं मिटवायची थोडीफार पत असते. म्हणजे वस्तीची स्वतःची संस्था आपल्याकडे गावोगाव तयार आहे. प्रश्न इतकाच की ती काम कशाचं करते. चौदा एप्रिल, वर्षावासाचं ग्रंथवाचन, सहा डिसेंबर, आणि मधल्या काळात कुलूप.

माझा मुद्दा असा आहे की घर, म्हातारी माणसं आणि आठवण ही तीन कामं याच संस्थेची आहेत, आणि ती तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. यातलं एक सुटलं की बाकीची दोन आपोआप हातून जातात. हे मी इतिहासातून दाखवतो.

घरापासून सुरुवात करू, कारण बाबासाहेबांचं चरित्रच घराच्या प्रश्नाने भरलेलं आहे. १९१७ साली कोलंबियातून शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू होतो आणि राहायला खोली मिळत नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागतं, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येतो आणि सायंकाळपर्यंत जागा सोडायला लावतो. नोकरी गेली ती कामात कमी पडल्यामुळे नाही, छप्पर नसल्यामुळे. पुढे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार आणि अभ्यास सुमारे दोन दशकं चालला. महाडची तयारी, बहिष्कृत भारत, गोलमेज परिषद, हे सगळं त्या चाळीत राहत असताना झालं. राजगृह नंतर आलं, आणि ते बांधताना पुस्तकांना जागा किती लागेल याचा विचार आधी होता.

म्हणूनच जुलै १९४२ मध्ये नागपूरला जी अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिच्याकडे नीट पाहायला हवं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा पाया तिथे घातला गेला हे सगळ्यांना माहीत आहे. सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली, तेही आता बऱ्यापैकी सांगितलं जातं. पण त्याच परिषदेने वेगळ्या वसाहतींचा ठराव केला होता, तो आपण विसरलो. गावकुसाबाहेरची ही वस्ती गावाच्या मेहेरबानीवर जगते, गाव म्हणेल तेव्हा तिचं पाणी तुटतं, वाट बंद होते, मजुरी थांबते. तेव्हा सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवा, अशी ती मागणी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी ती थेट राज्यघटनेच्या मसुद्याच्या भाषेत मांडली: पडीक जमिनी ताब्यात घेऊन वसाहती करणारा एक वसाहत आयोग, आणि केंद्राने दरवर्षी त्यासाठी पाच कोटी रुपये बाजूला काढायचे. १९४७ चे पाच कोटी!

घटनेत ते आलं नाही. मग लोकांनी काय केलं? वाट पाहिली नाही. गायरानावर, ई-क्लासवर, नाल्याच्या काठावर पाल टाकलं, मग कुडाच्या भिंती, मग मातीच्या, मग टिनाचं छप्पर. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात पडीक जमिनीची मागणी तर होतीच, झोपडपट्टीत राहणाऱ्यांची स्थिती सुधारा हीसुद्धा होती. लाखो लोक तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची वहिवाट नियमित करायचं ठरलं. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या सुरुवातीची निवडली होती. कागद छान होता. पण निर्णय मंत्रालयात होतो आणि नोंद तलाठ्याकडे होते, आणि या दोन टेबलांमधल्या अंतरात आपली किती कुटुंबं आजही अडकलेली आहेत हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

२०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. तो निकाल वस्तीवर बुलडोझर आणायला वापरला जातो, म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने जमीन दिलेली असेल, तर तो अपवाद त्याच निकालात लिहिलेला आहे. हे वाक्य वस्तीतल्या किमान दोन पोरांना पाठ असलं पाहिजे. २०२२ च्या अखेरीला गायरानाच्या याचिकेनंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा दोन लाखांहून जास्त बांधकामांचा आकडा चर्चेत होता. त्या वेळी कारवाई थांबली. पण ज्या घरांकडे १९९० आधीचा एकही पुरावा नव्हता, त्यांची झोप तेव्हा उडाली ती उडालीच.

पुरावा म्हणजे काय? इथे म्हातारी माणसं येतात.

घर कधी बांधलं, आधी कुठे राहत होतो, पाटलाने कुठल्या वर्षी वाट अडवली होती, पहिली घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर फाटली, हे कुणाला माहीत असतं? सत्तरीच्या पुढच्या बुढीला. तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाला प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद असतात. जुनं रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा, अतिक्रमणाच्या दंडाची पावती. दंड भरल्याची पावती हाच ताबा सिद्ध करणारा कागद ठरू शकतो, ही आपल्या न्यायव्यवस्थेची गंमत आहे. ती बुढी गेली, पोरं कामासाठी वाळूजला, चाकणला, सुरतला, पेटी भंगारात. आणि मग नोटीस येते तेव्हा आपण वकिलाला सांगतो, "साहेब, आम्ही पिढ्यान् पिढ्या इथंच राहतो." पिढ्यांचा कागद मात्र हातात नसतो.

आणि त्या बुढीची स्थिती काय? दिवाळी झाली की जोडपी वीटभट्टीवर, ऊसतोडीला, कंपनीत. वस्तीत उरतात ती म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. तिच्या हातात असतो निराधारचा पगार. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. त्यातला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तितकाच आहे. पात्रतेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. भागाकार करून पाहा: दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाही, आणि तेही अख्ख्या कुटुंबाचं. या अटीत खरोखर बसणारं कुटुंब जगूच शकत नाही, म्हणून प्रत्येक म्हातारीला आधी खोटा दाखला काढायला लावायचा आणि मग वर्षानुवर्षं तिला त्या खोटेपणाच्या भीतीत ठेवायचं, अशी ही व्यवस्था आहे. त्यात आधारवर जन्मतारीख सगळ्यांची एक जानेवारी, वय कुणाचं दहा वर्षांनी कमी लागलेलं. हयातीच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा. बोटांचे ठसे निंदण-खुरपण करून झिजलेले, मशीन घेत नाही.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असं वृद्धाश्रम राज्याने उभारावं, असं त्यात म्हटलं आहे. पंचवीस लाखांच्या जिल्ह्याला दीडशे खाटा! आणि कलमात शब्दही असे की राज्याने उभारलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तसंही, आपल्या वस्तीतली म्हातारी वृद्धाश्रमात जायला तयार होत नाही. तिला तिचं दार, तिचा ओटा आणि विहारातली सायंकाळची वंदना हवी असते. हे भावनेचं बोलणं नाही. ओट्यावर बसणारी बाई दिसली नाही तर शेजारीण दुपारपर्यंत दार वाजवते. वस्तीतली वृद्धसेवा म्हणजे मुळात हेच, आणि ती घरावर उभी आहे.

बाबासाहेबांनी म्हातारपणाचा विचार केलाच नव्हता असं कुणाला वाटत असेल तर 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पुन्हा उघडा. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेतलाच पाहिजे अशी तरतूद त्यांनी सुचवली होती. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाच्या आपल्या चर्चेत हे कलम नेहमी तळाशी राहतं. मजुराचं घर त्याच्या हातापायांवर उभं असतं, हात थकले की त्याने मुलासमोर किंवा मालकासमोर पसरू नयेत, म्हणून ते होतं. आज आपण १,५०० रुपयांसाठी तलाठ्याच्या पाया पडतो आणि त्याला योजना म्हणतो.

तिसरा धागा आठवणीचा. इथे आपल्या जिल्ह्याला अभिमानाची जागा आहे, आणि ती आपल्याच पोरांना माहीत नसते. जोतीराव फुले गेले १८९० साली. पुण्यात एवढे लेखक, छापखाने, मंडळं असताना त्यांचं मराठी चरित्र लिहायला कुणाला सवड झाली नाही. ते लिहिलं १९२७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पंढरीनाथ सीताराम पाटील या तरुण सत्यशोधकाने. म्हणजे सदतीस वर्षं गेली आणि काम वऱ्हाडातल्या चिखलीकडच्या माणसाला करावं लागलं. अजून दहा-पंधरा वर्षं गेली असती तर जोतीरावांना पाहिलेली माणसंच उरली नसती.

जलशांचंही तेच. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत महाड आणि गोलमेज पोचली ती या जलशांतून. त्यांचा इतिहास कुण्या विद्यापीठाने लिहिला नाही. कर्डकांनी स्वतःच उतारवयात 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं, १९७८ मध्ये. नंतर १९८९ ला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. त्या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन बसल्या, त्यांना बोलतं केलं, म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रिया आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत. ते पुस्तक आलं नसतं तर १९४२ च्या महिला परिषदेचं नाव मी वर इतक्या सहज घेऊ शकलो नसतो. वामनदादा कर्डक २००४ ला गेले. त्यांची गाणी छापील पुस्तकांत आहेत, पण त्यांच्या चालीवर स्वतःची गाणी रचणारे, भजनी मंडळात पेटी वाजवणारे गावोगावचे गायक? त्यांची गाणी दोनशे पानी वहीत आहेत, निळ्या शाईत, कडा उंदरांनी खाल्लेल्या. पेटीतल्या कागदांच्या शेजारीच.

घर गेलं की आठवण कशी जाते, याची दोन उदाहरणं तर खुद्द बाबासाहेबांच्या बाबतीतली आहेत. दिल्लीतल्या २६, अलीपूर रोडच्या घरातून १९६७ मध्ये त्यांचे कागद उपसून बाहेर टाकले गेले आणि पावसात भिजले. किती हस्तलिखितं त्यात गेली, याचा हिशेब कधीच लागणार नाही. आणि २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. जनता आणि प्रबुद्ध भारतची परंपरा ज्या यंत्रांवर उभी राहिली, ती ढिगाऱ्याखाली. त्या वेळी लाखोंनी लोक रस्त्यावर उतरले ते योग्यच झालं. पण पाडणाऱ्यांना दोष देऊन झाल्यावर आपसातल्या भांडणांचा वाटा किती होता हेही बोललं पाहिजे, आणि ते आपण कुजबुजत बोलतो.

इथे जरा लांब जाऊ. पँथर आपण अमेरिकेतल्या काळ्या पँथरकडून घेतले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळात, त्याच कॅलिफोर्नियात, जवळच एक लढा चालू होता, तो मात्र आपल्यापर्यंत आला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी स्ट्रीटवर इंटरनॅशनल हॉटेल नावाची जुनी इमारत होती. नाव हॉटेल, प्रत्यक्षात स्वस्त भाड्याच्या एकेका खोलीची चाळ. राहायचे बहुतेक म्हातारे फिलिपिनो शेतमजूर आणि काही चिनी. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत होती आणि तिथून तरुण पोरं शेतात राबायला नेली गेली होती. हंगाम बदलला की मळा बदलायचा, अगदी ऊसतोडीसारखं. आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला मनाई होती. १९४८ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला तोवर त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. जातीबाहेर लग्न बंद करून माणसाला कसं संपवतात हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तर ही माणसं म्हातारी झाली तेव्हा त्यांना बायको नव्हती, पोरं नव्हती, गाव हजारो मैल लांब. कुटुंब म्हणजे त्या इमारतीचा जिना आणि खालचा फूटपाथ.

१९६८ मध्ये घर खाली करायची नोटीस आली, कारण भोवती बँकांच्या इमारती वाढत होत्या आणि जागेला सोन्याचा भाव आला होता. नऊ वर्षं भाडेकरू लढले. विद्यापीठातली पोरं-पोरी आली, त्यांनी भिंती रंगवल्या, नळ दुरुस्त केले, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं आणि त्यांच्या गोष्टी ऐकल्या. या कामात अल रोबल्स नावाचा एक कवी होता. तो या म्हाताऱ्यांना जेवण पोचवायचा, त्यांच्याजवळ बसायचा आणि त्यांच्या आयुष्यावर कविता लिहायचा. जेवण पोचवणं आणि इतिहास लिहिणं ही त्याच्यासाठी एकाच फेरीतली कामं होती. ४ ऑगस्ट १९७७ च्या रात्री सुमारे तीन हजार लोकांनी हातात हात अडकवून इमारतीला कडं केलं. पोलीस घोड्यांवर आले, कडं फोडलं, पन्नासेक म्हातारे रात्रीच्या अंधारात रस्त्यावर आणून ठेवले. आधी ज्या शेरीफने ही कारवाई करायला नकार दिला म्हणून पाच दिवस तुरुंग भोगला होता, त्यानेच शेवटी दारं फोडली. १९७९ पर्यंत इमारत जमीनदोस्त झाली.

पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. सिंदखेडराजा ओलांडला की मराठवाडा लागतो. तिथे आपली घरं जाळली गेली, पीकं कापली गेली, विहिरींत घाण टाकली गेली, लोक वस्ती सोडून पळाले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, हा विजय आपण साजरा करतो. पण जी कुटुंबं तेव्हा उठली ती परत आपल्या वस्तीत आली का, त्यांच्या जागांचं काय झालं, याची गावनिहाय यादी आपल्यापैकी कुणाच्या हातात आहे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनी यादी ठेवली होती. जागेचा खड्डा वीस वर्षांहून जास्त काळ तसाच पडून राहिला. पण म्हातारे एकेक करून जात असतानाही वस्तीच्या संस्थांनी दावा सोडला नाही. दुसरं काही बांधू दिलं नाही. २००५ मध्ये त्याच जागेवर नवी इमारत उभी राहिली: कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी १०४ घरं आणि तळमजल्यावर फिलिपिनो वस्तीच्या इतिहासाचं केंद्र. घर, वृद्ध आणि आठवण, एका छपराखाली. मूळ भाडेकरू बहुतेक तोवर वारले होते, हेही सांगितलं पाहिजे. उशिराच्या विजयाची किंमत अशीच असते. चायनाटाउनची जी नफा न कमावणारी वस्तीसंस्था या घरांच्या कामात पुढे होती, तीही त्याच १९७७ च्या सुमारास सुरू झालेली.

आता काही मित्र म्हणतील, हे एनजीओचं काम झालं, चळवळ म्हणजे सत्तेचा प्रश्न, ही पेन्शनची फॉर्मबाजी कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. परदेशी निधीवर दहा वर्षं चालून चकचकीत अहवाल सोडून गेलेल्या संस्था आपण पाहिल्या आहेत. पण उत्तर बाबासाहेबांच्या पहिल्या संस्थेत आहे. २० जुलै १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा घ्या. १९२५ च्या सुरुवातीला तिने सोलापूरला वसतिगृह उघडलं. मुंबईत मोफत वाचनालय चालवलं. आणि तरुणांनी जुगारात वेळ घालवू नये म्हणून महार हॉकी क्लबसुद्धा काढला! हे वाचून हसू येतं, पण १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जी माणसं गेली ती आकाशातून पडली नव्हती. वसतिगृह, वाचनालय आणि खेळाचं मैदान यांच्यातून ती एकमेकांना ओळखू लागली होती. त्या सभेत आणि आजच्या प्रकल्पवाल्या संस्थेत फरक आहे तो पैसा कुठून येतो आणि जाब कुणाला द्यायचा याचा. वस्तीच्या वर्गणीवर चालणारी समिती वस्तीला जाब देते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: हे सरकारचं काम आहे, ते आपण अंगावर का घ्यावं? सरकारचंच आहे. पण सरकारच्या योजना आपल्या वस्तीत कशा पोचतात ते पाहा. रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचं घर मिळतं, पण जागा स्वतःच्या नावावर लागते. ज्याला जागा नाही त्याला घरकुल नाही, आणि ज्याला घर नाही त्याच्यासाठीच तर योजना. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीची नाही. २०२० पासून ड्रोनने गावठाणाची मोजणी करून सनद देणं सुरू झालं, पण आपल्या अर्ध्या वस्त्या गावठाणाच्या रेषेबाहेर, गायरानावर. ड्रोन डोक्यावरून उडत जातो. त्याच २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं, फलकावर भीमनगर आलं. सात-बारावर अजून महाराष्ट्र शासनच आहे.

म्हणून विहार समित्यांसमोर माझा प्रस्ताव अगदी साधा आहे, आणि त्याला कुणाच्या निधीची गरज नाही. या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या जोडीला घरोघरची नोंद सुरू करा. एका जाड वहीत प्रत्येक घराला दोन पानं. घर कधीपासून, कोणता कागद आहे, गट नंबर काय, मोजणी झाली का. घरात साठीपुढचं कोण, पगार चालू आहे का, बंद पडला असेल तर कशाने, औषध कोणतं, मुलांचा फोन नंबर. आणि त्याच पानावर त्या माणसाला काय आठवतं: दीक्षा कुठे घेतली, देव कुठल्या नाल्यात सोडले, कोणता जलसा पाहिला, ६४ ला तुरुंगात कोण होतं. कागदांचे मोबाइलवर फोटो काढून दोन वेगळ्या घरांत ठेवा. गाण्याच्या वह्यांचेही. हे काम अकरावी-बारावीच्या मुलींना द्या, मी खात्रीने सांगतो की पोरांपेक्षा त्या नीट करतील, आणि म्हाताऱ्या बायाही त्यांच्याशीच मोकळं बोलतात. जयंतीच्या डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचला तरी सगळ्या वस्तीच्या झेरॉक्स आणि मोजणीच्या अर्जांची फी त्यातून निघते. डीजेवाल्या मित्रांना राग येईल, येऊ द्या.

घाई का, ते वयाच्या हिशेबाने पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर जी पोरगी आईचा पदर धरून आठ वर्षांची असताना उभी होती, ती आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या वस्तीत अशी कोण आहे, तिच्या घराचा पट्टा कुणाच्या नावावर आहे आणि या महिन्याचा तिचा पगार जमा झाला का, हे उद्या सकाळी विचारून या.